उसनी मोटारसायकल आणि विम्याचे छत्र

बालरोगतज्ज्ञाने मोटार विम्याविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आमच्या शास्त्रात अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंतचा प्रत्येक जण बालकच होय. तान्हेपणी लसीकरणासाठी मांडीवर बसून आलेले मूल सोळाव्या वर्षी पुन्हा आमच्याकडे येते, तेव्हा कधी कधी त्याला आणणारा आजार नसतो, मोटारसायकल असते. आणि चौकशी केली तर ती गाडी त्याची नसते. ती मामाची असते, शेजाऱ्याची असते, वर्गमित्राच्या थोरल्या भावाची असते. मोडलेले हाड जोडणे हे आमच्या अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांचे काम. परंतु त्यानंतर नातेवाईक जो प्रश्न विचारतात, 'डॉक्टर, गाडीचा विमा आहे, त्यातून मिळेल ना?', त्याचे उत्तर आपल्यापैकी फार थोड्यांना नेमके देता येते.

आपल्या समाजात गाडी मागणे आणि देणे हा आपलेपणाचा व्यवहार आहे. 'जरा गाडी दे रे, खडेबाजारात जाऊन येतो,' असे कोणी म्हटले की किल्ली पुढे केली जाते. नाही म्हणणे जिवावर येते. या देवाणघेवाणीत किल्ली दिली जाते, क्वचित हेल्मेटही दिले जाते. विम्याचे छत्र मात्र किल्लीबरोबर दुसऱ्याच्या हाती जात नाही, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि घेणाऱ्यालाही. उसन्या गाडीवर विमा कोणाचे रक्षण करतो व कोणाला उघड्यावर सोडतो, हे साध्या भाषेत मांडणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

'उसनी' कोणती म्हणावी?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मित्राची गाडी तेवढी उसनी आणि घरची गाडी आपली, असे आपण समजतो. कायदा तसे समजत नाही. नोंदणी पुस्तिकेत ज्याचे नाव, तो मालक. अन्य कोणीही चालवीत असेल तर तो मालकाच्या परवानगीने चालविणारा. वडिलांची स्कूटर चालविणारा मुलगा, पतीची मोटारसायकल चालविणारी पत्नी, नर्सिंग होमच्या नावावरची गाडी घेऊन रक्ताची पिशवी आणावयास निघालेला कंपाउंडर, हे सर्व विम्याच्या दृष्टीने उसन्या गाडीवरचेच चालक आहेत.

वैद्यकीय महाविद्यालयांच्या वसतिगृहांत आणखी एक प्रकार आढळतो. शिक्षण संपवून गेलेला विद्यार्थी आपली गाडी कनिष्ठ विद्यार्थ्याला विकून जातो. पैसे दिले-घेतले जातात, नाव मात्र बदलले जात नाही. तीच गाडी पुढे तिसऱ्याकडे जाते. कागदोपत्री मालक पुण्यात किंवा हैदराबादेत नोकरीला लागलेला असतो. फेब्रुवारी २०१८ मधील एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की गाडी कितीही हातांतून गेली तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच नुकसानभरपाईच्या दृष्टीने मालक. म्हणजे विकणारा मोकळा होत नाही आणि घेणारा मालक होत नाही.

पॉलिसीचे तीन कप्पे

दुचाकीच्या विम्यात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. त्या वेगळ्या करून पाहिल्या की पुष्कळ गोंधळ नाहीसा होतो.

पहिला कप्पा तृतीय पक्षाचा. आपल्या गाडीमुळे दुसऱ्या कोणास इजा झाली, कोणी दगावले किंवा कोणाच्या मालमत्तेची हानी झाली, तर ती भरपाई विमा कंपनी देते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे हा विमा सक्तीचा आहे. त्यातील पहिला पक्ष मालक, दुसरा विमा कंपनी आणि या दोघांच्या बाहेरचा तो तिसरा.

दुसरा कप्पा गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा. तो ऐच्छिक आहे. पहिला आणि दुसरा मिळून जी पॉलिसी होते तिला व्यवहारात 'पॅकेज' किंवा 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' म्हणतात.

तिसरा कप्पा मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघाताचा. पूर्वी दुचाकीसाठी ही रक्कम केवळ १ लाख रुपये होती. २०१८ च्या अखेरीस विमा नियामक प्राधिकरणाने ती १५ लाख केली. मृत्यू, दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गमावणे अथवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास पूर्ण रक्कम आणि एक अवयव किंवा एक डोळा गमावल्यास निम्मी रक्कम मिळते. परंतु या कप्प्याच्या नावातच त्याची मर्यादा आहे. लाभार्थी मालकही असला पाहिजे, चालकही असला पाहिजे आणि त्याच्याजवळ वैध परवानाही असला पाहिजे.

उसन्या गाडीवर पहिला कप्पा सामान्यतः उघडतो. चालविणाऱ्याजवळ योग्य परवाना असेल तर दुसराही उघडतो. तिसरा उघडत नाही.

चालविणारा : ना मालक, ना तृतीय पक्ष

या विषयावरील एक महत्त्वाचा निर्णय आपल्या शेजारच्याच मुलखातून आलेला आहे. इरकली लुगड्यांमुळे आपल्या घराघरांत ज्याचे नाव पोचले आहे त्या बागलकोट जिल्ह्यातील इलकल येथून एक गृहस्थ उसन्या मोटारसायकलवरून आपल्या गावी निघाले होते. पुढे लोखंडी पत्रे घेऊन जाणारी बैलगाडी एकाएकी थांबली आणि मोटारसायकल तिच्यावर आदळली. रुग्णालयाच्या वाटेवरच त्यांचे निधन झाले. पत्नीने व कुटुंबीयांनी मोटारसायकलच्या विमा कंपनीकडे, दोष सिद्ध न करता भरपाई देणाऱ्या तत्कालीन कलम १६३-अ खाली दावा केला. मे २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्याने मालकाकडून गाडी मागून घेतली तो त्या वेळेपुरता मालकाच्याच जागी उभा राहतो. भरपाई देण्याची जबाबदारी मालकाची; आणि जो स्वतःच मालकाच्या जागी आहे, त्याला या कलमाखाली स्वतःकडूनच भरपाई कशी मागता येईल? अन्य कलमाखाली काही मिळू शकते का, हे पाहण्यासाठी प्रकरण उच्च न्यायालयाकडे परत पाठविण्यात आले.

जानेवारी २०२० मध्ये राजस्थानातील अशाच एका प्रकरणात तोच विचार पुन्हा मांडला गेला. तेथे दोन मोटारसायकलींची टक्कर झाली होती. परंतु कुटुंबाने समोरच्या गाडीवर दावा न लावता, मृत व्यक्ती जी उसनी गाडी चालवीत होती तिच्याच मालकावर व विमा कंपनीवर लावला. न्यायालयाने तो मान्य केला नाही. पॉलिसीतील वैयक्तिक अपघाताच्या करारानुसार १ लाख रुपये व त्यावरील व्याज एवढेच त्या कुटुंबाच्या पदरी पडले. कर्नाटकातीलच एका प्रकरणात, स्वतःच्या बेदरकार चालविण्यामुळे मृत्यू पावलेल्या मोटारचालकाच्या कुटुंबाचा भरपाईचा दावा जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला.

या दृष्टिकोनाविषयी न्यायालयातच मतभेद आहेत, हेही नमूद केले पाहिजे. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका पीठाने मालक-चालकाच्या वारसांना कलम १६३-अ खाली दावा करता येतो की नाही, हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविला. शिवाय १ एप्रिल २०२२ पासून त्या कलमाची जागा कलम १६४ ने घेतली असून त्यात दोष सिद्ध न करता मृत्यूस ५ लाख व गंभीर दुखापतीस अडीच लाख रुपये अशी तरतूद आहे. उद्या न्यायालय अधिक उदार भूमिका घेईलही. परंतु कुटुंबाची सुरक्षितता या आशेवर सोपविता येत नाही.

स्वतःच्या गाडीवर १५ लाखांचे संरक्षण घेतलेले असले तरी ते मित्राच्या गाडीवर आपल्याबरोबर येत नाही. एका व्यक्तीच्या नावावर अनेक गाड्या असतील तर एकच वैयक्तिक अपघात विमा त्या सर्वांना पुरतो. पण त्या सर्व गाड्या स्वतःच्या असाव्या लागतात.

आपल्याकडील आणखी एक प्रथा येथे विशेष घातक ठरते. गाडी आईच्या किंवा आजीच्या नावावर घेतली जाते. त्या माउलीजवळ परवाना नसतो, म्हणून तिच्यासाठी मालक-चालकाचा कप्पा लागूच होत नाही. गाडी नेहमी चालवितो मुलगा. तो मालक नाही. म्हणजे पॉलिसीचे हप्ते वर्षानुवर्षे नियमित भरले जातात आणि ती गाडी रोज चालविणाऱ्यासाठी त्यात एक रुपयाही नसतो. नर्सिंग होमच्या किंवा भागीदारी संस्थेच्या नावावरील दुचाकीचेही तेच. कामावर असताना कर्मचाऱ्यास अपघात झाल्यास कायद्याप्रमाणे मालकावर जबाबदारी येऊ शकते, हे रुग्णालय चालविणाऱ्यांनी विसरू नये.

धडक दुसऱ्याची असेल तर

येथवरचे वाचून निराश होण्याचे कारण नाही. उसन्या गाडीवरील चालकाला ट्रकने, बसने किंवा मोटारीने धडक दिली आणि दोष त्या वाहनाचा असेल, तर त्या वाहनाच्या पॉलिसीच्या दृष्टीने आपला चालक तृतीय पक्षच आहे. गाडी उसनी होती म्हणून त्याचा हक्क तसूभरही कमी होत नाही. कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे त्याला किंवा त्याच्या वारसांना दावा करता येतो आणि त्यात वय, उत्पन्न, आश्रित व अपंगत्व यांचा विचार होऊन रक्कम ठरते. दावा कोणत्या वाहनावर लावावयाचा, येथेच चूक होते; राजस्थानातील कुटुंबाचे तेच झाले. १ एप्रिल २०२२ पासून अशा अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत कायद्यात आली आहे. त्या मुदतीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेला असला, तरी अर्ज मुदतीच्या आत करणे हेच शहाणपणाचे. धडक देणारे वाहन पळून गेले व सापडलेच नाही, तर मृत्यूस २ लाख व गंभीर दुखापतीस ५० हजार रुपये देण्याची वेगळी तरतूद आहे.

खरी पोकळी राहते ती, समोर दुसरे वाहनच नसते तेव्हा. आंबोली घाटात पावसात गाडी घसरली, चोर्ल्याच्या वळणावर तोल गेला, रात्री रस्त्यावर बसलेल्या जनावरावर आदळली, पावसाने बुजलेल्या खड्ड्यात चाक गेले. अशा अपघातांत भरपाई मागावयास समोर दुसरी पॉलिसी नसते आणि आपल्या चालकाला हातातील पॉलिसी आपले मानत नाही.

मागे बसणारा

मागे बसलेल्या व्यक्तीचे भवितव्य पॉलिसीच्या प्रकारावर अवलंबून असते. केवळ कायद्यापुरती, म्हणजे तृतीय पक्षापुरतीच पॉलिसी असेल, तर मागे बसणारा तिच्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ व २००८ मध्ये म्हटले आहे. पॅकेज पॉलिसी असेल तर दुचाकीवर मागे बसणाऱ्याचा त्यात समावेश होतो, असे विमा नियामकाने नोव्हेंबर २००९ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पॅकेज पॉलिसीची ही व्याप्ती मान्य केली.

येथे एक छुपा खड्डा आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर तृतीय पक्षाचा विमा एकदम पाच वर्षांसाठी घ्यावा लागतो. गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र बहुधा पहिल्या वर्षापुरताच असतो. 'पाच वर्षांचा विमा आहे' या समाधानात दुसऱ्या वर्षी त्याचे नूतनीकरण राहून जाते. कागद पाच वर्षांचा दिसतो, परंतु उरते ती केवळ तृतीय पक्षाची पॉलिसी, आणि मग मागे बसणाऱ्याचे संरक्षणही वादात सापडते. मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमाही असाच एका वर्षाचा असू शकतो. मैत्रिणीला मागे बसवून महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीने आणि बाळाला मांडीवर घेऊन मागे बसणाऱ्या आईनेही ही तारीख पाहिली पाहिजे.

लहान मुलांचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट सांगतो. चार वर्षांवरील प्रत्येकास दुचाकीवर हेल्मेट सक्तीचे आहे. फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या बालकालाही त्याच्या मापाचे हेल्मेट आणि चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा हवा व गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. मागून आणलेल्या गाडीबरोबर बालकाच्या मापाचे हेल्मेट सहसा मिळत नाही. ते घरचेच न्यावे लागते.

परवान्याचा प्रश्न

मालकाच्या परवानगीने कोणीही गाडी चालवू शकतो, असे पॉलिसीत असते. अट एवढीच की त्याच्याजवळ त्या प्रकारच्या वाहनाचा वैध परवाना असावा. गिअर नसलेल्या स्कूटरच्या परवान्यावर मित्राची गिअरची मोटारसायकल चालविणे हे विम्याच्या दृष्टीने परवान्याशिवाय चालविण्यासारखेच. शिकाऊ परवानाधारकाने पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लावला पाहिजे आणि शिकविणाऱ्या व्यक्तीखेरीज कोणासही मागे बसविता कामा नये.

परवाना नसेल तर काय होते? गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाण्याचीच शक्यता अधिक. रस्त्यावरील जखमी व्यक्तीला मात्र न्यायालय सहसा वाऱ्यावर सोडत नाही. जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी जी तत्त्वे घालून दिली, त्यांनुसार कंपनीने आधी जखमी व्यक्तीस पैसे द्यावेत आणि अटीचा भंग मालकाच्या जाणतेपणी किंवा निष्काळजीपणामुळे झाल्याचे सिद्ध झाल्यास ते मालकाकडून वसूल करावेत, असा मार्ग रूढ झाला. ही वसुली लाखांत जाऊ शकते. शिवाय विनापरवाना व्यक्तीस गाडी चालवू दिल्याबद्दल कलम १८० खाली मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. 'मला काय ठाऊक, त्याच्याजवळ परवाना नाही?' हे उत्तर पुरेसे नाही. किल्ली देण्यापूर्वी परवाना पाहिला होता, हे मालकाला सांगता आले पाहिजे.

दारूचाही उल्लेख करणे भाग आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल असल्यास तो गुन्हा होय. नशेत चालविताना झालेले गाडीचे नुकसान व वैयक्तिक अपघाताचा लाभ या दोन्हींवर कंपनी नकार देते.

अठरा वर्षांखालील मुले

आता माझ्या खऱ्या विषयाकडे येतो. कायद्याप्रमाणे मोटारसायकल चालविण्याचे वय अठरा. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी. आज घरोघरी दिसणाऱ्या ११० सीसीच्या स्कूटरना तो लागू नाही. तरीही दहावीच्या परीक्षेनंतर मुलाला 'सवय व्हावी म्हणून' गाडी देणारे पालक आपल्यात आहेत. शिकवणीला वेळेवर पोचावा म्हणून देणारेही आहेत, आणि त्यांत डॉक्टर पालक कमी नाहीत.

१ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या कलम १९९-अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. मुलाने आपल्या नकळत गाडी नेली किंवा आपण ते टाळण्याची पुरेशी दक्षता घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार मोठ्यांवर असतो. किल्ली दिवाणखान्यातील खुंटीवर लटकत असेल, तर ते सिद्ध करणे अवघड.

विम्याचे गणित याहून कठोर आहे. अल्पवयीन चालकाला परवानाच नाही. म्हणून गाडीचे नुकसान मिळत नाही. तो मालक नाही; म्हणून वैयक्तिक अपघाताचा लाभ नाही. त्याच्या हातून कोणी दगावले, तर कंपनीने दिलेली रक्कम मालकाकडून वसूल होण्याचा धोका आहे. भाच्याच्या हट्टाखातर किल्ली देणाऱ्या मामाने एका संध्याकाळच्या कौतुकासाठी आपले घर पणाला लावलेले असते. त्याहून मोठी गोष्ट ही की जोखीम ओळखण्याचे भान त्या वयात पुरते आलेले नसते. समवयस्क मित्र मागे बसला की वेग वाढतो. हे त्या वयाचे वास्तव आहे, दुर्गुण नव्हे. म्हणूनच निर्णय मोठ्यांनी घ्यावयाचा असतो.

तीन राज्यांच्या सीमेवर

बेळगावकरांना नेहमी पडणारी एक शंका. कर्नाटकात नोंदलेली गाडी चंदगडला किंवा गोव्याला नेली तर विमा चालतो का? चालतो. पॉलिसीचे क्षेत्र संपूर्ण भारत असते. राज्याची सीमा ओलांडल्याने संरक्षण कमी होत नाही.

अडचण येते ती भाड्याची. खासगी पॉलिसीत भाड्याने देण्यास मनाई असते. गोव्यात अधिकृत भाड्याच्या दुचाकीची पाटी काळी व त्यावरील अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी 'मित्राची आहे असे सांगा' म्हणून दिवसाच्या दराने कोणी देत असेल, तर अपघातानंतर ती ना मित्राची राहते, ना विम्याची. मित्राकडून फुकट मागितलेली गाडी आणि पैसे देऊन घेतलेली गाडी, यांत विमा कंपनी भेद करते. खासगी दुचाकीवरून मोबदला घेऊन माल पोचविणेही याच मनाईत येते. शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी रात्री मित्राच्या गाडीवर डबे पोचविणाऱ्या मुलांना हे कोणीतरी सांगावयास हवे.

आपल्या लेखणीची जबाबदारी

व्यावसायिक बंधुभगिनींसाठी हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. अपघातानंतर रुग्णालयाच्या केसपेपरवर लिहिलेली पहिली ओळ पुढे न्यायाधिकरणात वाचली जाते. 'मोटारसायकल चालवीत असता पडला' आणि 'मोटारसायकलवर मागे बसला असता पडला' या दोन वाक्यांतील अंतर एका कुटुंबासाठी लाखो रुपयांचे असू शकते, हे आतापर्यंतच्या विवेचनावरून ध्यानी आले असेल. म्हणून कोण चालवीत होते हे विचारावे, ते कोणी सांगितले हे लिहावे, सांगणाऱ्याचे रुग्णाशी असलेले नाते लिहावे. ठाऊक नसेल तर तर्काने लिहू नये. वेळ नोंदवावी, हेल्मेटविषयी जे सांगितले गेले ते नोंदवावे, मद्याच्या लक्षणांविषयी केवळ 'वास येतो' एवढ्यावर न थांबता प्रत्यक्ष तपासणी लिहावी.

पुढे कधी कधी विनंती येते: 'साहेब, चालविणारा म्हणून थोरल्याचे नाव घाला, त्याच्याजवळ परवाना आहे.' विनंती करणारे दुःखात असतात आणि ओळखीचेही असतात. परंतु खोट्या नोंदीने कुटुंबाचे भले होत नाही. जखमांचे स्वरूप, पोलिसांचा पंचनामा आणि साक्षी यांच्याशी ती नोंद जुळत नाही आणि खरा दावाही संशयात सापडतो. नम्रपणे नकार देणे आणि उपलब्ध असलेला कायदेशीर मार्ग दाखविणे, हीच अशा वेळी खरी मदत.

मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेप्रमाणे रस्ता अपघातातील जखमींना अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, नियुक्त रुग्णालयांत रोकडरहित उपचारांची सोय आहे. त्यासाठी गाडी कोणाची, हा प्रश्न आड येत नाही. ही माहिती नातेवाईकांना आपणच पहिल्या तासात दिली पाहिजे.

काय करावे?

रोगाचे निदान झाल्यावर उपचार सांगितलाच पाहिजे. सुदैवाने तो स्वस्त आहे.

पहिला उपाय : दुसऱ्याची गाडी क्वचितही चालविणाऱ्याने स्वतःच्या नावाने स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा घ्यावा. हा विमा व्यक्तीचा असतो, वाहनाचा नव्हे; म्हणून तो कोणत्याही गाडीवर, पायी चालताना आणि घरी जिन्यावरून पडल्यावरही बरोबर असतो. वैध परवाना नसणे किंवा नशा यांविषयीच्या अटी मात्र वाचून घ्याव्यात. बँकेतील खात्यातून वर्षाला अवघे २० रुपये कापून घेणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेत १८ ते ७० वर्षे वयाच्या व्यक्तीस अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचे संरक्षण मिळते. ते पुरेसे नाही. पण आपल्या दवाखान्यातील प्रत्येक कर्मचाऱ्याने ते घेतले आहे का, हे पाहणे आपल्याला अवघड नाही.

दुसरा उपाय : आरोग्य विमा. रुग्णालयाच्या खर्चासाठी गाडी कोणाची हे तो विचारत नाही आणि अपघाताला सुरुवातीचा प्रतीक्षाकाळही लावीत नाही.

तिसरा उपाय : गाडी नेहमी जो चालवितो त्याच्याच नावावर ती असावी. ते शक्य नसेल, तर नूतनीकरणाच्या वेळी त्या व्यक्तीचा नावानिशी आणि मागे बसणाऱ्याचा विनानावाने वैयक्तिक अपघात विमा थोडा अधिक हप्ता भरून जोडता येतो का, हे कंपनीला विचारावे.

चौथा उपाय : किल्ली देणाऱ्याने तीन गोष्टी पाहाव्यात. परवाना त्या प्रकारच्या गाडीचा व मुदतीतला आहे का. पॉलिसीच्या दोन्ही भागांच्या तारखा चालू आहेत का. आणि मागणारा त्या क्षणी चालविण्याच्या स्थितीत आहे का. गाडीच्या नुकसानीचा दावा केल्यास आपला नो क्लेम बोनस जातो, जो पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असतो. तेव्हा किरकोळ दुरुस्ती कोण करून देणार, हे आधीच बोलून ठेवावे. मैत्री त्याने तुटत नाही. उलट न बोलल्याने तुटते.

पाचवा उपाय : विकलेल्या गाडीचे नाव तत्काळ बदलून घ्यावे. वसतिगृह सोडताना 'नो ड्यूज'च्या यादीत विद्यार्थ्यांनी हाही एक रकाना मनाशी जोडावा.

आणि अठरा वर्षांखालील मुलाला गाडी देण्याच्या बाबतीत कोणताही उपाय नाही. तेथे केवळ नकार आहे.

लसीचे तत्त्व पालकांना समजावून सांगताना आम्ही म्हणतो, शेजारच्या मुलाला टोचलेली लस तुमच्या मुलाच्या अंगात येत नाही. विम्याचेही तसेच आहे. दुसऱ्याची गाडी मागून आणता येते, हेल्मेट मागून आणता येते, पेट्रोलचे पैसेही उसने घेता येतात. स्वतःच्या जिवाचा विमा मात्र ज्याचा त्यानेच, आणि वेळेपूर्वीच, घेऊन ठेवावा लागतो.